रिपोर्ट वाचलास, फिल्म कधी पाहणार?

लिफाफ्यातून रिपोर्ट काढलास, शेवटच्या दोन ओळी वाचल्यास आणि फिल्म होती तशीच आत ठेवून दिलीस. मी दारात उभी होते. डोक्याचे एवढे सगळे काप त्या फिल्मवर होते, एकही उजेडाला धरला नाहीस. का? उद्या नाकात दुर्बीण घालणार कोण? रेडिओलॉजिस्ट की तू?

आता ओपीडीतल्या दोन पेशंटच्या लिफाफ्यांबद्दल बोलू. एक कॉलेजात जाणारा मुलगा. परीक्षेच्या दिवसांत डोकं दुखायचं म्हणून कुणीतरी स्कॅन काढायला सांगितला. गालाच्या सायनसच्या तळाशी गुळगुळीत, घुमटासारखी सिस्ट सापडली. त्याला तू गुरुवारच्या ऑपरेशनच्या यादीत घातलंस. दुसरी कांद्याच्या चाळीवर मजुरी करणारी बाई. डावा डोळा खाली आणि बाहेरच्या बाजूला सरकलेला. जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसतात. चष्मा बदलून झाला, थेंब घालून झाले. तिला अँटिबायोटिक लिहून दिलंस आणि महिनाभराने या म्हणालास. ज्याला सुरी लावायची नाही त्याला टेबलावर घेतलंस आणि जिला टेबलावर घ्यायला हवं तिला एसटी धरायला पाठवलंस. वॉर्डातले मामा स्टँडवर धावले म्हणून ती परत आली. विचारलं तर काय म्हणालास? ‘मॅडम, दोन्ही कॅन्सर नाहीत ना.’

नाहीत. मग? कॅन्सर नसला की डोकं चालवायचं नाही, असं कुठे लिहिलंय?

तुला हे ठाऊक नसतं तर मी आवाज चढवला नसता. न येणाऱ्याला शिकवता येतं. पण तुला येतं. याच विषयावर तू सेमिनार घेतलास, फळ्यावर आकृती काढलीस, मागच्या बाकावरच्यांच्या शंका फेडल्यास. सभागृहात जे येतं ते ओपीडीत कुठे जातं? पेशंट समोर बसला की वाचलेलं सगळं हवेत विरून जाणार असेल, तर ते वाचन तू कुणासाठी केलंस? परीक्षकासाठी?

रिटेन्शन सिस्ट म्हणजे काय, तुझ्याच आकृतीवरून सांगते. अस्तरातल्या एखाद्या बारीक ग्रंथीचं तोंड बुजतं आणि तेवढाच फुगवटा येतो. सायनसमध्ये त्याच्या वर हवा शिल्लक असते, हाड जागच्या जागी असतं. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ती योगायोगाने दिसते. बहुतेक सिस्ट वर्षानुवर्षं तशाच राहतात, काही आपोआप जातात. म्युकोसील वेगळं. त्यात सायनसचा निचरा होण्याची वाटच बंद होते. जुना मार, जुनं ऑपरेशन, पॉलिप, ऑस्टिओमा, वारंवार होणारा संसर्ग, कारण काहीही असो. अस्तर श्लेष्मा बनवत राहतं आणि त्याला जायला जागा नसते. सायनस काठोकाठ भरतो, हवेचा कणही उरत नाही आणि मग भिंती बाहेर सरकू लागतात. नुसत्या दाबाने नव्हे. त्या अस्तरातून इंटरल्युकिन-१, प्रोस्टाग्लँडिन ई-२ अशी द्रव्यं सुटतात आणि हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. आधी हाड पातळ होतं, मग नाहीसं होतं. म्हणजे फिल्म हातात घेतल्यावर विचारायचं काय? आत हवा आहे का? हाड फुगलंय का, झिजलंय का? एवढंच. यासाठी बोन विंडोचे चार काप पुरतात. तू एकही पाहिला नाहीस.

आणि फिल्मपर्यंत तरी कशाला जायचं? डोळा खाली आणि बाहेर गेला आहे. म्हणजे त्याला ढकलणारी वस्तू कुठे असेल? वर आणि आत. वर आणि आत काय असतं? फ्रंटल सायनस आणि एथमॉइड. म्युकोसील सगळ्यांत जास्त कुठे होतं? फ्रंटलमध्ये, त्याखालोखाल एथमॉइडमध्ये. खुर्चीवर बसल्या बसल्या निदान तुझ्या हातात आलं होतं. बोट लावलंस का तिला? मी लावलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या वर, भुवईच्या मुळाशी. अंड्याचं पातळ कवच दाबावं तसं हाड बोटाखाली करकरलं. आणि त्या भुवईत केस न उगवलेली एक बारीक रेघ आहे. जुन्या टाक्यांची. ती तुला दिसली नाही? मी विचारलं, मावशी, इथे काय झालं होतं? ‘लग्नाच्या आधी विहिरीच्या पायरीवर पडले होते, तालुक्याला नेऊन शिवलं.’ एक प्रश्न विचारला, आजाराचं मूळ हाती आलं. मार लागल्यावर कित्येक वर्षांनी म्युकोसील वर येतं, हे तुझ्याच सेमिनारच्या तिसऱ्या स्लाइडवर होतं.

गर्दी होती म्हणतोस. गर्दी काल होती, उद्या असेल, आपण रिटायर झालो तरी असेल. गर्दी हे कारण धरलं तर सरकारी दवाखान्यातल्या कुठल्याच पेशंटला नीट तपासून घ्यायचा हक्क नाही असं होईल. बोल, तुला ते मान्य आहे? रिपोर्टमध्ये ‘सायनुसायटिस’ लिहिलं होतं म्हणतोस. रिपोर्ट लिहिणाऱ्याने तिचा डोळा पाहिला नव्हता. तू पाहिला होतास. त्याच्यापुढे अर्जावर खरडलेली एक ओळ होती, तुझ्यापुढे जिवंत बाई बसली होती. आणि त्या अर्जावर तरी तू काय लिहिलं होतंस? ‘डोकेदुखी.’ दोन-दोन दिसणं नाही, डोळा सरकणं नाही. अर्धवट विचारायचं, मग अर्धवट उत्तर मिळालं म्हणून त्याच्यावरच खापर फोडायचं! नाचता येईना अंगण वाकडं.

खरं कारण मी सांगते. त्या मुलाची सिस्ट सोपी आहे. नाकातून वाट रुंद केली, पिशवी फोडली, लॉगबुकात एक आकडा वाढला. बाईची केस अवघड आहे. न्यूरोसर्जनशी बोलावं लागेल, डोळ्यांच्या विभागात पाठवावं लागेल, भुलीच्या डॉक्टरांना गळ घालावी लागेल, रक्ताची सोय बघावी लागेल, नातेवाईकांना तासभर समजावावं लागेल. त्या कष्टाला तू घाबरलास आणि वर ‘घाई नाही’ असं नाव दिलंस. रोगाला घाई आहे की नाही हे रोग ठरवतो. आज तिच्या पिशवीत नुसता श्लेष्मा आहे. संसर्ग झाला की पू होईल, सूज डोळ्याच्या खोबणीत शिरेल, झिजलेल्या मागच्या भिंतीतून मेंदूच्या आवरणापर्यंत जाईल. तेव्हा मध्यरात्री धावपळ करशील. आता दिवसाउजेडी का नको?

मागच्या खेपेचं स्फेनॉइडचं प्रकरणही विसरले नाही मी. एमआरआयवर सायनस काळा दिसला आणि ‘हवा आहे’ म्हणून तू मोकळा झालास. साचलेला श्लेष्मा वर्षानुवर्षं आटत जातो. पाणी कमी होतं, प्रथिनं दाटतात आणि एमआरआयच्या दोन्ही मुख्य प्रकारच्या प्रतिमांत तो हवेसारखाच काळा दिसू लागतो. म्हणून सीटी शेजारी ठेवून बघायचं असतं. तेव्हा रात्रीच्या ड्युटीवरच्या तुझ्या ज्युनिअरने बघितलं. त्या सायनसच्या भिंतीला दृष्टीची नस आणि मोठी धमनी लागून असते. तिथल्या म्युकोसीलने नजर कमी व्हायला लागली तर दिवस मोजायचे नसतात, त्याच दिवशी दाब मोकळा करायचा असतो. उशिरा केलेलं ऑपरेशन कितीही देखणं झालं तरी गेलेली नजर परत येईलच असं नाही. आणि आत शिरल्यावर तिथला पडदा चिमट्यात धरून पिळायचा नाही, कारण तो बऱ्याचदा धमनीच्या हाडालाच चिकटलेला असतो. हे मी किती वेळा सांगायचं?

आता त्या मुलाकडे ये. ‘काढून टाकली की कटकट मिटली,’ असं त्याच्या वडिलांना सांगितलंस. कुणी सांगितलं तुला? कपाळाचं दुखणं आणि गालाच्या तळाशी असलेली सिस्ट यांचा संबंध तू जोडलास कसा? त्याची झोप, चष्मा, मायग्रेन, काही विचारलंस? आणि सायनसला हात लावणं फुकटचं असतं का? १८९३ साली न्यूयॉर्कमध्ये कॉल्डवेलने आणि १८९७ साली पॅरिसमध्ये ल्यूकने गालाचा सायनस ओठाच्या आतून उघडायची रीत सांगितली. पुढे कितीएक वर्षं सर्जन तो सायनस खरवडत आले आणि खाली नाकात खिडकी पाडत आले. नंतर कळलं की अस्तरावरचे सूक्ष्म केस त्या खिडकीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते श्लेष्मा वरच्या मूळच्या तोंडाकडेच ढकलतात. ग्राझच्या मेसेरक्लिंगरने ती वाट दाखवून दिली तेव्हा आपल्या विषयाचे डोळे उघडले. आणि त्या खरवडलेल्या सायनसांचं काय झालं? वण धरले, कप्पे बंद झाले, आणि कित्येक वर्षांनी त्यांच्यातच सिस्ट वाढल्या. जपानी सर्जनांनी असे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदवले. म्हणजे ऑपरेशननेच नवा आजार दिला. तुझ्या हातून उद्या या मुलाच्या मूळ तोंडाशी वण धरला आणि त्याच्या चाळिशीत तिथे खरंखुरं म्युकोसील झालं, तर ते कुणाचं देणं? लॉगबुकातला आकडा तेव्हा कुणाच्या कामाला येणार?

आणि बाईचं ऑपरेशन कसं करशील विचारलं तर लगेच म्हणालास, ‘पूर्ण पिशवी सोलून काढतो मॅडम, मुळासकट.’ हा मुळासकटचा सोस कुठून आला? तिच्या फ्रंटलची मागची भिंत सीटीवर तुटलेली आहे. तिथे पिशवी थेट मेंदूच्या आवरणावर टेकली आहे. सोलायला जाशील तर आवरण फाडशील, नाकातून मेंदूचं पाणी गळायला लागेल, त्यामागून मेनिंजायटिस. एके काळी बाहेरून कापायचे, अस्तर खरवडायचे, सायनसमध्ये पोटाची चरबी भरायचे. अस्तराचा एवढासा तुकडा मागे राहिला की त्याच चरबीत पुन्हा म्युकोसील, आणि ते कळायलाही उशीर. १९८९ साली केनेडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दुर्बिणीने नाकातून पिशवीचं तोंड रुंद उघडून दिलं तरी पुरतं. अस्तर ठेवायचं. तेच अस्तर पुन्हा सायनसचं अस्तर म्हणून काम करू लागतं. झिजलेलं हाडही पुष्कळदा पुन्हा धरतं. तिथे तुझं काम एकच, वाट मोठी करायची आणि ती मोठी राहील असं बघायचं. हाड उघडं पाडलंस तर ते वण धरणार आणि वाट पुन्हा बुजणार. हात सफाईने चालतो तुझा, ते मी पाहिलंय. म्हणूनच सांगते, हा हात आवरायला शीक.

‘मग ड्राफ तीन करू या का?’ हा तुझा पुढचा प्रश्न. का? वोल्फगांग ड्राफने १९९१ साली फ्रंटलच्या ऑपरेशनांचे प्रकार सांगितले ते गरजेप्रमाणे निवडण्यासाठी. दोन्ही बाजूंचा तळ ड्रिलने काढून एकच मोठा दरवाजा करणं हा शेवटचा पर्याय. फुगलेलं म्युकोसील पुष्कळदा स्वतःच खाली नाकापर्यंत येऊन बसलेलं असतं आणि साध्या वाटेने उघडतं. उलट पिशवी बाहुलीच्या रेषेच्या पलीकडे, बाहेरच्या टोकाला असेल, तर नाकातून कितीही झटलास तरी बहुतेकदा तिथवर नीट पोचता येत नाही. तिथे भुवईत छोटा छेद घेऊन दोन्ही बाजूंनी जावं लागतं. ‘बाहेरून कापणं मागासलेलं’ असं तू ज्युनिअर्सना सांगतोस, ते बंद कर. पेशंटला कुठली वाट लागते ते पिशवीची जागा सांगते. तुला कुठली आवडते याला काडीची किंमत नाही.

नातेवाईक विचारतात, ‘गाठ समूळ काढली ना डॉक्टर?’ आणि तू सरळ ‘हो’ म्हणतोस. हे खोटं आहे. समजावायला पाच मिनिटं लागतात म्हणून तू खोटं बोलतोस. त्यांना सांग, पिशवी आत ठेवली आहे, तिचं तोंड नाकात कायमचं उघडून दिलं आहे, ते तोंड बुजलं तर त्रास परत येईल, म्हणून तपासणीला येत राहा. शेतात राबणाऱ्या माणसाला निचरा म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. तू ‘समूळ’ म्हणालास की तो घरी जातो आणि परत येत नाही. आणि मग तूच म्हणतोस, पेशंट फॉलो-अपला येत नाहीत!

आता माझं ऐकून ‘पिशवी नेहमी ठेवायची’ असं पाठ करू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, एक नियम हाती लागला की विचार करणं थांबवतोस. कवटीच्या आतल्या एपिडर्मॉइडला हा नियम लावलास तर फसशील. त्याच्या भिंतीतून कातडीसारखे पापुद्रे सुटत राहतात. नुसतं रिकामं केलं तर पुन्हा भरणार. तिथे भिंत निघेल तेवढी काढायची. आतला माल इकडेतिकडे सांडला तर जंतूविना मेनिंजायटिस होतो, म्हणून सांडू द्यायचा नाही. आणि नसांना, रक्तवाहिन्यांना घट्ट धरून बसलेला तुकडा ओढायचा नाही, तो तसाच सोडायचा. त्याच्या शेजारी अॅराक्नॉइड सिस्ट. सीटीवर दोन्ही पाण्यासारख्याच दिसतात. एमआरआयच्या डिफ्यूजनमध्ये एपिडर्मॉइड चमकतं, अॅराक्नॉइड चमकत नाही. ती बहुतेकदा हात न लावता नुसती नजरेखाली ठेवायची असते. आणि मेंदूच्या तिसऱ्या पोकळीतली कोलॉइड सिस्ट? इवलीशी असते. पण पाण्याची वाट अचानक अडवली तर चालता-बोलता माणूस काही तासांत जातो. डोकेदुखी आणि उलट्या घेऊन कुणी आला आणि स्कॅनवर ती दिसली तर ‘साधी सिस्ट’ म्हणून पुढची तारीख द्यायची नाही, त्याच क्षणी न्यूरोसर्जनला फोन करायचा. म्युकोसील धरून चारही पिशव्याच. एकीचं तोंड उघडायचं, एकीची भिंत काढायची, एकीला हात लावायचा नाही, एकीसाठी धावायचं. कुठली कोणती हे न पाहता ‘सिस्ट आहे, कॅन्सर नाही’ एवढ्यावर झोप लागते कशी तुला?

त्या तान्ह्या मुलीचं आठवतं? नाकाच्या मुळाशी, मधोमध गाठ. तू सुई मागवलीस, पाणी काढून बघू म्हणून. सिस्टरांनी सुई दिली नाही म्हणून आज ती हसते-खेळते आहे. ती रडली की गाठ फुगत होती, आई ओरडून सांगत होती. मधोमध असलेली गाठ मेंदूशी जोडलेली असू शकते, स्कॅन झाल्याशिवाय तिथे सुई नाही, तुकडा नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही विचारतात. तुला ठाऊक होतं. आई सांगत होती तेव्हा तू मान वर करून पाहिलंही नाहीस, एवढंच. सिस्टरांचे आभार मानलेस का? अजून नसतील तर आज मान.

आणखी एक. २०२१ च्या म्युकरमायकोसिसच्या लाटेत आपल्याकडे सायनसची किती ऑपरेशनं झाली हे तुला सांगायला नको. जीव वाचवायला हाडं काढली, अस्तर काढलं, तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण ज्या सायनसवर तेव्हा घाव पडला, त्याचं तोंड वणाने बुजू शकतं आणि म्युकोसील वर यायला वर्षं लागतात. ते पेशंट आता कुठे आहेत? त्यांचे जुने केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेत आणि तू प्रबंधाला विषय मिळत नाही म्हणून माझ्याकडे रडत येतोस. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फोन नंबर लिहिलेले आहेत. एकेकाला बोलाव. डोळा बघ, गाल चाचप, दुर्बीण घाल. ज्याला काही नसेल त्याला निर्धास्त घरी पाठव. विषय आपोआप मिळेल, आणि नाही मिळाला तरी माणसं तपासून होतील.

वाईट वाटून घ्यायला आलास तर चालता हो. वाईट वाटण्याने फिल्म वाचली जात नाही. तू हुशार आहेस, हात चांगला आहे, पेशंट तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात. हे सगळं असून तू सोप्याच्या मागे लागतोस, याचा मला राग आहे. पुढच्या वर्षी डिग्री घेऊन तू एखाद्या तालुक्याच्या गावी बसशील. तिथे दारात उभी राहून पाहणारी मी नसेन, रात्रीचा ज्युनिअर नसेल, सुई न देणाऱ्या सिस्टर असतीलच असं नाही. रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट दुसऱ्या शहरातून मोबाइलवर येईल आणि पेशंटचा डोळा तेवढा तुझ्यासमोर असेल. म्हणून आजपासून माझ्या युनिटमध्ये नियम. फिल्म आधी, रिपोर्ट नंतर. फिल्म पाहून स्वतःचं निदान केसपेपरवर स्वतःच्या अक्षरात लिही, खाली सही कर, मगच लिफाफ्यातला कागद उघड. ज्या केसपेपरवर ती ओळ नसेल तो पेशंट माझ्या ऑपरेशनच्या यादीत लागणार नाही.